खांबामागचे कुंटे

१९७३ सालच्या जून महिन्यात नारायण केशव कुंटे यांनी पिंपरीतल्या एका कारखान्याच्या टाइम स्टडी, म्हणजे कामाचा वेळ मोजण्याच्या, विभागातली बारा वर्षांची नोकरी सोडली आणि चिंचवडजवळच्या एका रुग्णालयात व्यवसायोपचार सहायकाच्या प्रशिक्षणाला नाव घातले. प्रशिक्षण एक वर्षाचे होते. कुंटे यांचे वय सत्तेचाळीस होते. बाकीच्या पाच प्रशिक्षणार्थींत सर्वांत मोठा बावीस वर्षांचा होता.

व्यवसायोपचार हा शब्द आमच्या कॉलनीत त्या दिवसापर्यंत कोणी ऐकला नव्हता. अपघाताने किंवा आजाराने ज्याचा हात, खांदा, पाय चालेनासा झाला आहे, त्याला मागावर विणायला, करवत ओढायला, कणीक मळायला, बटणे लावायला बसवायचे आणि त्या कामातूनच त्या अवयवात जीव आणायचा, असा हा उपचार. कुंटे यांनी तो मला आमच्या सामाईक गॅलरीत उभ्याउभ्या समजावून दिला. बोलणे संपल्यावर त्यांनी बनियनच्या आतून स्टॉपवॉच बाहेर काढले, पाहिले आणि म्हणाले, "सवलत धरून चाळीस सेकंद. आम्हाला शिकवणाऱ्या बाईंना दीड मिनिट लागलं होतं."

'सवलत धरून' हे त्यांच्या खात्याचे शब्द. माणूस शिंकतो, पाणी पितो, दमतो. म्हणून कामाच्या मोजलेल्या वेळेत थोडी भर घालतात, तिला सवलत म्हणतात. कारखान्यात ती कामगाराला मिळते. कुंटे ती पृथ्वीवरच्या सर्व घटनांना देत. पुतणीच्या लग्नात मंगलाष्टके, सवलत धरून, अकरा मिनिटे चालली. न्हावी दाढीला सात मिनिटे घेई. त्यातली दोन वस्तरा परजण्यात आणि एक राजकारणात जाई, असे कुंटे यांनी त्याला फोड करून दाखवले. न्हाव्याने पुढच्या वेळी सगळे काम साडेतीन मिनिटांत उरकले. कुंटे हनुवटीला तुरटी लावून घरी आले आणि मला म्हणाले, "दर्जा घसरला. पण वेळ खरी होती."

कॉलनीच्या गणेशोत्सवात त्यांनी सूचना मांडली होती की आरत्यांचा क्रम बदलला, तर ताम्हण एका हातातून दुसऱ्या हातात जाण्याचे तीन प्रसंग वाचतील. मंडळाने त्यांना प्रसादवाटपावर नेमले. रांग नऊ मिनिटांत संपली. मात्र एका शेजाऱ्याच्या वडिलांच्या अंत्ययात्रेच्या वेळी बांबू आधी कापून आणावेत की नंतर, हा मुद्दा त्यांनी काढला तेव्हा विमलताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्यांना दंडाला धरून घरात घेऊन गेल्या.

कारखान्यात त्यांचे काम सरळ होते. एखाद्या यंत्रावर एक नग काढायला किती सेकंद लागतात हे मोजायचे आणि त्यावरून एका पाळीत किती नग निघाले पाहिजेत ते ठरवायचे. कामगार या संख्येला 'आकडा' म्हणत आणि कुंटे यांना 'सेकंदसाहेब'. टाइम स्टडीवाला दिसला की हळू काम करायचे, हा त्या सबंध कारखानी पट्ट्यातला रिवाज. जोरात केले तर आकडा वाढतो आणि तो सगळ्यांच्या मानेवर बसतो. म्हणून पाळीला पाचशे नग काढणारा माणूस कुंटे यांची घड्याळ-कागद लावलेली पाटी दिसताच सत्यनारायणाची पोथी ऐकल्यासारखा डोळे अर्धे मिटून पत्रा उचलू लागे. कुंटे यांना याचा राग नव्हता.

"त्यांनी हळू करायचं आणि मी खरी वेळ शोधायची," ते म्हणत. "दोघंही आपापलं काम करतोय."

खरी वेळ शोधायला ते खांबामागे उभे राहत. प्रेस शॉपमधला, म्हणजे पत्रा दाबून नग काढणाऱ्या यंत्रांच्या खात्यातला, चौथा खांब लोकांत कुंट्यांचा खांब म्हणूनच ओळखला जाई.

त्या वर्षीच्या फेब्रुवारीत त्याच शॉपमध्ये अपघात झाला. बबन मुंगसे या तेवीस वर्षांच्या कामगाराच्या डाव्या हाताची मधली तीन बोटे पॉवर प्रेसखाली गेली. अंगठा आणि करंगळी राहिली. तो चाकणजवळच्या एका गावातला शेतकऱ्याचा मुलगा. नोकरीला लागून आठ महिने झाले होते. मी तेव्हा पुण्याच्या एका दैनिकासाठी या पट्ट्याच्या बातम्या देत असे. ही बातमी मीच दिली. ती चार ओळींची होती. तिसऱ्या ओळीत म्हटले होते की, संरक्षक जाळी सदर कामगाराने स्वतःच दूर केल्याने हा प्रकार घडला.

बातमी आली त्या सकाळी कुंटे कात्रण हातात घेऊन माझ्या दारात उभे राहिले.

"अहो बातमीदार, ही तिसरी ओळ कुठून घेतलीत?"

"कंपनीच्या पत्रकातून."

"जाळी त्यानेच काढली, हे कुणाला विचारलंत?"

"पत्रकात होतं."

"म्हणजे मोजलं नाहीत," ते म्हणाले आणि कात्रणाची घडी घालून निघून गेले.

मला वाटले, नेहमीप्रमाणे अपघाताच्या वेळेत मिनिटा-दोन मिनिटांची चूक काढायला आले असतील. तसे काही न निघाल्याने मी निश्चिंत झालो. चार महिन्यांनी त्यांनी नोकरी सोडली, तेव्हा ती गोष्ट मी कचेरीत विनोद म्हणून सांगितली. लोक हसले. मी तपशील वाढवून पुन्हा सांगितली.

रुग्णालयात त्या विभागाच्या प्रमुख मिस रेगे होत्या. मुंबईला शिकलेल्या, वय एकतीस. आपल्यापेक्षा सोळा वर्षांनी मोठ्या विद्यार्थ्याला काय म्हणावे हा प्रश्न त्यांनी पहिल्या दिवशी 'कुंटे' असे म्हणून सोडवला. मुले त्यांना काका म्हणत.

पहिला धडा होता कामाच्या पायऱ्या पाडण्याचा. कोणतेही काम घ्या आणि त्यात हात कोणकोणत्या हालचाली करतो ते लिहा. मग रुग्णाला कोणती पायरी जमत नाही ते कळते. पेल्यातून पाणी पिणे, हा विषय होता. मुलांनी चार-पाच पायऱ्या लिहिल्या. कुंटे यांनी तेवीस लिहिल्या. पेला उचलण्याआधी नजर पेल्यावर जाते, ही त्यांची पहिली पायरी. मिस रेगे यांनी त्यांचा कागद वर्गाला वाचून दाखवला. इतके बारीक निरीक्षण आपण मुंबईतही पाहिले नाही, असे त्या म्हणाल्या. मग शेवटच्या ओळीवर थांबल्या. 'सवलत धरून अकरा सेकंद.'

"कुंटे, ही वेळ कुणाची?"

"माणसाची."

"कुठल्या माणसाची?"

कुंटे यांनी सायंकाळी मला हा संवाद जसाच्या तसा सांगितला. "बारा वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता," ते म्हणाले.

बबन मुंगसे सप्टेंबरात त्या विभागात आला. दोन शस्त्रक्रिया झाल्या होत्या. चाकणहून एसटीने तो नाशिक फाट्याला उतरे आणि तिथून दुसरी बस पकडे. डावा हात खिशात घालून आत येई आणि कोणी सांगेपर्यंत बाहेर काढत नसे. कुंटे यांना पाहून त्याने पहिल्या दिवशी नमस्कार केला नाही. दुसऱ्या दिवशीही केला नाही.

ऑक्टोबरात कंपनीचे पत्र आले. अपघात स्वतःच्या चुकीने झाल्यामुळे त्याला परत घेण्यास कंपनी बांधील नाही. तथापि डिसेंबरअखेर रुग्णालयाने हाताच्या प्रगतीचा दाखला दिल्यास टूल स्टोअरमधील हलक्या कामासाठी विचार करता येईल. हलके काम म्हणजे हत्यारांना नंबराचे बिल्ले दोरीने बांधायचे. शेत दोन भावांत आधीच पुरत नव्हते. बबनला तो दाखला हवा होता.

दाखला तक्त्यावरून मिळणार होता. प्रत्येक रुग्णाचा एक तक्ता भिंतीवर असे. रोज कोणते काम किती केले आणि त्याला किती वेळ लागला ते त्यात भरायचे. नोव्हेंबरच्या मध्यावर मिस रेगे यांनी सगळे तक्ते टेबलावर मांडले आणि कुंटे यांना बोलावले.

"एक गोष्ट मला कळत नाहीये. सोमवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार सगळ्यांची प्रगती दिसते. मंगळवार, शनिवार सगळे पुन्हा आजारी पडतात. मंगळवार, शनिवार ड्यूटी कुणाची?"

"माझी."

"तुम्ही त्यांना करता तरी काय?"

"काही नाही. घड्याळ धरतो." मग कुंटे यांनी खुलासा केला. "बाई, ते आजारी नाहीत. ते अनुभवी आहेत."

रुग्ण बहुतेक कारखान्यांतले होते. फोर्जिंगमध्ये, म्हणजे तापलेले लोखंड ठोकण्याच्या खात्यात, खांदा निकामी झालेले सय्यदचाचा दाराशी मागावर बसत. कुंटे यांची चाहूल लागली की ते धोटा खाली ठेवून म्हणत, "आया रे घड्याळवाला. आहिस्ता, भाई लोग." तेवढ्याने सबंध खोली मंदावे. करवत लाकडात अडके. कणीक मळणाऱ्याला खाज सुटे. एकाने शर्टाचे एक बटण लावायला सहा मिनिटे घेतली आणि कुंटे यांच्याकडे पाहून हात जोडले. इथे जोरात काम केले तर आकडा वाढण्याची भीती नव्हती, हे त्यांना मिस रेगे यांनी तीनदा समजावले होते. "बाई भल्या आहेत," असे त्यांचे मत पडले, "पण त्यांना कंपनी माहीत नाही."

मिस रेगे यांनी स्टॉपवॉच काढून घेतले. कुंटे मनात मोजू लागले. त्यांचे ओठ हलतात हे सय्यदचाचांनी दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना सांगितले. कुंटे यांनी तोंडात सुपारी धरायला सुरुवात केली. तेव्हा सुपारी चघळण्याचा ठेका पकडण्यात आला. शेवटी एका मंगळवारी ते सामानाच्या कपाटामागे उभे असलेले सापडले. शोध बबनने लावला. तो खोलीत येऊन अडीच महिने झाले होते आणि कुंटे यांच्याशी एक शब्द बोलला नव्हता.

"का वो सायेब," तो म्हणाला, "हितं खांब न्हाई व्हय?"

खोली पोट धरून हसली. कुंटे कपाटामागून बाहेर आले. ते हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. त्या दिवशी ते घरी लवकर आले आणि गॅलरीत नुसते बसून राहिले. ही गोष्टही मी कचेरीत सांगितली.

बबनचा तक्ता सगळ्यांत वाईट होता. बाकीचे रुग्ण मंगळवारी आणि शनिवारीच मंदावत. तो आठवडाभर मंद असे. महिनाभरात त्याच्याकडून तासाला चार बिल्ले बांधून होत नव्हते. मिस रेगे यांचे म्हणणे होते की हाताच्या मानाने हे फार कमी आहे, पण जे दिसत नाही ते लिहिता येत नाही. डिसेंबर उजाडला.

प्रत्येक प्रशिक्षणार्थीने एक दिवस रुग्णाचे अवयव घेऊन काढायचा, असा त्या अभ्यासक्रमाचा भाग होता. कुणी डोळ्यांना पट्टी बांधे, कुणी एक पाय. कुंटे यांनी डाव्या हाताची मधली तीन बोटे मुडपून पट्टीने घट्ट बांधून घेतली. दिवस संपला तेव्हा त्यांनी पट्टी सोडली नाही. ती नऊ दिवस राहिली.

चौथ्या दिवशी सकाळी दूधवाल्याच्या वेळेला ते पायजमा मुठीत धरून माझ्या दारात आले. मी नाडीला हात घातला, तसे ते मागे सरले.

"बांधू नका. नुसतं बघा. कुठल्या पायरीला चुकतो ते सांगा."

मी पाहिले. दूधवाल्यानेही पाहिले. नाडीचे एक टोक आत गेले आणि ते सेफ्टी पिनेने बाहेर काढण्यात पावणेआठ वाजले. विमलताई दार उघडून उभ्या होत्या. "भावजी, चार दिवस हेच चाललंय," त्या म्हणाल्या. "अंघोळीचं पाणी गार होतं. ताटातला भात निम्मा जमिनीवर. मदत करायला गेलं तर म्हणतात, त्याला कोण करतं? मी म्हटलं, त्याला म्हणजे कुणाला? तर बोलत नाहीत."

नवव्या दिवशी, शनिवारी, कुंटे रुग्णालयात बबनच्या समोरच्या बाकावर बसले आणि बिल्ले बांधू लागले. पुढचे मला मिस रेगे आणि बबन या दोघांनी वेगवेगळे सांगितले; दोन्ही हकिगती जुळतात.

पाव तासात कुंटे यांच्याकडून एकही बिल्ला बांधला गेला नाही. दोरी सुटे, बिल्ला खाली पडे, तो उचलताना हत्यार पडे. सय्यदचाचांनी माग थांबवला. सगळे पाहत होते. बबनही पाहत होता.

"सायेब," तो अखेर म्हणाला, "तुमी तर माझ्याहून बाद हायसा."

"खरंय."

"आवो, तसं न्हाई. दोरी आदी दातात. मंग करंगळीनं दाबा. अंगठा मोकळा ठिवा की! अंगठ्याला कशाला कामाला लावताय? द्या हिकडं."

त्याने बिल्ला घेतला. दोरी दातात, करंगळी, अंगठा, गाठ. दुसरा घेतला, तिसरा घेतला. कुंटे यांना शिकवण्याच्या नादात त्याने एकामागून एक अकरा बिल्ले बांधले, मग भानावर येऊन थांबला. कुंटे यांच्यापाशी घड्याळ नव्हते, पण ते बारा वर्षे हेच काम करत आले होते. टूल स्टोअरच्या या कामाची वेळ दोन हातांच्या माणसावरून त्यांनीच एके काळी ठरवली होती. बबन त्याहून फारसा मागे नव्हता.

"हे तू आधी का केलं नाहीस?" त्यांनी विचारले. "डिसेंबर संपत आला. नोकरी जाईल तुझी."

"येकदा केलं हुतं की तुमच्याम्होरं जोरात," बबन म्हणाला. "काय झालं?"

मग तो बोलला. ऑक्टोबर १९७२ मध्ये, म्हणजे अपघाताच्या चार महिने आधी, तो शॉपमध्ये नवा होता. सेकंदसाहेब आले की हळू करायचे, हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते. खांबामागे साहेब उभे आहेत हे त्याने पाहिले. गावाकडचा पोरगा काय करतो ते दिसू दे, म्हणून त्याने जीव खाऊन प्रेस चालवला. नोव्हेंबरपासून आकडा वाढला. शॉपने त्याच्याशी बोलणे टाकले. चहाच्या सुट्टीत त्याच्या बाकावर कोणी बसेना.

"माझ्या पायी समद्यांचा आकडा वाढला. बोटं गेली तवा वाटलं, बरं झालं, फिटलं. आता शॉपम्होरनं जायाची बी लाज वाटती मला."

"आणि जाळी?" कुंटे यांनी विचारले. "जाळी तू काढलीस?"

"म्या कशाला काढू? म्या ती कदी खाली बगितलीच न्हाई. आदल्या पाळीवाला तारंनं मागं बांधून जायचा. मला वाटलं, ती तशीच आसती."

कुंटे यांनी खाली पडलेले हत्यार उचलून बाकावर ठेवले. मग म्हणाले, "तारेनं बांधलेली मी पाहिली होती. खांबामागून स्पष्ट दिसत होती. जाळी खाली असती तर दर नगाला ती वर करावी लागली असती, आणि इतकी कमी वेळ निघालीच नसती. मी ती वेळ लिहिली, आणि कागदावर जाळीच्या रकान्यात 'आहे' असं लिहिलं. जाळी होतीच. जागेवर नव्हती, एवढंच."

बबनने त्यांच्याकडे पाहिले. "मंग आदी सांगायचं," तो म्हणाला.

"हो," कुंटे म्हणाले.

त्यांनी मिस रेगे यांना त्या दिवशीची नोंद स्वतः करायला सांगितली आणि ते व्हरांड्यात जाऊन बसले. हाताची पट्टी सोडायला त्यांना एका प्रशिक्षणार्थी मुलीची मदत घ्यावी लागली. बोटे आखडली होती.

रविवारी सकाळी त्यांनी कंपनीला द्यायच्या निवेदनाचा मसुदा माझ्यापुढे ठेवला. "तुमचा हात बसलाय," ते म्हणाले. "जास्तीचं असेल ते काढा." मसुदा चांगला होता. काय पाहिले, कधी पाहिले, कागदावर काय लिहिले, एवढेच त्यात होते. शेवटी एक वाक्य होते: 'याची मला लाज वाटते.' ते वस्तुस्थितीचा भाग नाही म्हणून मी ते काढले. त्यांनी केलेल्या स्वच्छ प्रतीत ते वाक्य पुन्हा होते.

मसुदा परत देताना मी त्यांना सांगितले की, फेब्रुवारीतली ती तिसरी ओळ मी न विचारता लिहिली होती. "ठाऊक आहे," ते म्हणाले. "तुम्ही पत्रकावरून लिहिलंत. मी पाहून लिहिलं."

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कंपनीने दोघांना बोलावले. त्या खोलीत मी नव्हतो, बबन होता. कामगार अधिकाऱ्याने कुंटे यांचा जुना कागद टेबलावर ठेवला आणि विचारले, "इथं तुमच्या सहीनं 'जाळी आहे' असं लिहिलंय. आता म्हणता, मागे बांधलेली होती. तेव्हा खोटं लिहिलंत, की आज खोटं सांगताय?"

"तेव्हा," कुंटे म्हणाले.

टाइम स्टडी विभागातले त्यांचे जुने सहकारी शेजारच्या खोलीत होते आणि दार उघडे होते. कुंटे बाहेर पडले तेव्हा त्यांच्याशी कोणी बोलले नाही. बबन म्हणतो, ते जिन्यापर्यंत भिंतीच्या कडेने चालत गेले. त्या विभागातले चौघे आमच्या कॉलनीत राहत. त्यानंतर त्यांच्यापैकी कोणी कुंटे यांच्या घरी आल्याचे मी पाहिले नाही.

कंपनीने अपघाताबद्दलचे आपले म्हणणे लेखी बदलले नाही. मात्र जानेवारीत त्या प्रेसची वेळ जाळी खाली ठेवून पुन्हा मोजण्यात आली आणि आकडा कमी झाला. रुग्णालयाचा दाखला डिसेंबरच्या एकोणतीस तारखेला गेला होता. फेब्रुवारी १९७४ मध्ये बबन मुंगसे टूल स्टोअरमध्ये पहिल्या पाळीला हजर झाला. प्रेस शॉपमधल्या लोकांनी त्याच्याशी बोलणे सुरू केले का, असे मी त्याला विचारले. "दोगं बोलत्यात," तो म्हणाला.

माझ्या बातमीतल्या चुकीची दुरुस्ती मी लिहून दिली. वर्ष उलटून गेले आहे, या कारणाने ती छापली गेली नाही. ती येथे देतो: संरक्षक जाळी बबन मुंगसे याने दूर केलेली नव्हती.

कुंटे जूनमध्ये परीक्षा उत्तीर्ण झाले आणि त्याच विभागात सहायक म्हणून लागले. मंगळवारी आणि शनिवारी रुग्णांची प्रगती बाकीच्या दिवसांइतकी दिसू लागायला, मिस रेगे यांच्या सांगण्याप्रमाणे, आणखी दीड वर्ष गेले. सय्यदचाचा शेवटपर्यंत मंदच राहिले. त्यांचा खांदा खरोखरच तेवढाच चालत होता, असे पुढे निष्पन्न झाले.

या पट्ट्यातल्या कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. १९७४ पासून बबन बहुतेक गुरुवारी रुग्णालयात येतो आणि बोटे गेलेल्या नव्या माणसांना गाठ मारायला शिकवतो. दुपारी तो आणि कुंटे मागच्या व्हरांड्यात एकत्र जेवतात. त्या ऑक्टोबरबद्दल दोघे पुन्हा कधी बोलले नाहीत, असे दोघांनीही मला स्वतंत्रपणे सांगितले. बबन डबा आणत नाही; डबा कुंटे यांचा असतो. १९८० च्या डिसेंबरात मी विमलताईंना याबद्दल विचारले. त्यांच्या घरी एरवी पोळ्या होतात. गुरुवारी बाजरीची भाकरी होते. ती कुंटे स्वतः थापतात.